‘हे चालणार नाही’ आणि त्यापुढचे वाक्य

कोकणात वाढलेल्या माणसाला परखड बोलण्याचे वावडे नसते. दापोलीजवळच्या हर्णै बंदरात मासळीचा लिलाव चालतो, तेव्हा घेणारा सुरमईचे कल्ले उचलून पाहतो आणि ते फिकट दिसले तर माल शिळा असल्याचे तोंडावर सांगतो. विकणारा भावासाठी हुज्जत घालतो, पण अपमान मानत नाही, कारण बोलणे मासळीविषयी असते आणि त्याचा खरेखोटेपणा तिथल्या तिथे पडताळता येतो. मुक्त सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही वाचता-बदलता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगातला रोखठोकपणाही मला याच कसोटीवर तपासावासा वाटतो.

‘हा बदल घेता येणार नाही; दोन थ्रेड (प्रोग्रामची एकाच वेळी चालणारी कामे) एकाच वेळी इथे पोहोचले तर एक वापरत असलेली मेमरी दुसरा मोकळी करून टाकेल,’ नवख्याने पाठवलेल्या कोडवर आलेल्या या उत्तरात गोडवा औषधालाही नाही. तरीही ते देणाऱ्याने समोरच्याचा कोड ओळ न् ओळ वाचलेला असतो, आणि शिकणाऱ्याचा याहून मोठा मान कोणता राखायचा? उलट ‘लिहिण्याआधी थोडा विचार करत जा’ हे वाक्य कितीही सौम्य सुरात आले, तरी दुरुस्त काय करायचे ते त्यातून कळत नाही.

लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्या उत्तरांत हे दोन्ही प्रकार अनेकदा एकत्र येत. कर्नलमधल्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातल्या, बदलामुळे वापरकर्त्याचा चालू प्रोग्राम मोडता कामा नये, हा त्यांचा आग्रह मला पूर्णपणे पटतो. पण २०१२ मध्ये तोच मांडताना त्यांनी एका सहकाऱ्याला जाहीरपणे शिवीगाळ केली आणि चर्चा नियमापेक्षा शिवीचीच अधिक झाली. १६ सप्टेंबर २०१८ रोजी त्यांनी अशा वागण्याबद्दल माफी मागून काही काळ काम थांबवले, प्रकल्पाने त्याच सुमारास नवी आचारसंहिता स्वीकारली आणि ऑक्टोबरमध्ये ते परतले. चालू प्रोग्राम न मोडण्याचा नियम मात्र होता तसाच राहिला.

आपल्याकडची अडचण जरा वेगळी आहे. रत्नागिरी किंवा कुडाळच्या कॉलेजातली मुलगी आयुष्यातला पहिला तांत्रिक प्रश्न इंग्रजीत विचारते, तेव्हा ‘आदरणीय सर’पासून सुरुवात करून चार ओळी त्रास दिल्याबद्दल क्षमा मागण्यात घालवते आणि एरर मेसेज सर्वांत शेवटी, तोही अर्धवट, देते. समोरून ‘व्हर्जन कोणते? पूर्ण लॉग द्या,’ एवढेच येते. तिला ते झिडकारल्यासारखे वाटते. वास्तविक मदत तिथूनच सुरू झालेली असते, आणि ही गोष्ट मुलांना आधीच सांगून ठेवण्याची जबाबदारी आपल्यासारख्या जुन्या मंडळींची आहे. मात्र ‘आधी मॅन्युअल वाच’ एवढ्यावर थांबणाऱ्याची बाजू मला घेता येत नाही, कारण त्यातले कोणते प्रकरण वाचायचे हे सांगायला त्याला आणखी एकच ओळ लागली असती.