तुम्ही विचारलंत म्हणून : नर्सिंगला नंबर लागेल का?

जून उजाडला की माझा फोन माझा राहत नाही. एरवी दिवाळीलाही न आठवणारी माणसं तेव्हा आवर्जून खुशाली विचारतात, दोन मिनिटं पावसापाण्याचं बोलतात आणि मग हळूच विषय काढतात, "ताई, आमच्या पोरीचा बीएस्सी नर्सिंगला नंबर लागेल का?" नऊ वर्षं वॉर्डात आणि त्यानंतर बारा वर्षं नर्सिंग कॉलेजात शिकवण्यात गेली, म्हणजे यादी माझ्याच पर्समध्ये असणार असं सगळ्यांना वाटतं. दरवर्षी तेच ते सांगून घसा बसतो. म्हणून या वेळी लिहूनच काढते.

आधी माझ्या मावसबहिणीच्या लेकीची गोष्ट. ती बार्शीकडची. नीटचा, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागला त्याच रात्री तिचा फोन आला. "मावशी, दोनशे दहाच आले. आई म्हणते, आता नर्सिंग तरी करू."

त्या 'तरी'वर नंतर येते. मी विचारलं, "सीईटी दिलीस का?"

"दिली की. पीसीबी ग्रुपची."

"ती नव्हे. नर्सिंगची."

पलीकडे सामसूम. मग मागून बहिणीचा आवाज, "नर्सिंगची वेगळी असती का गं?"

असते. महाराष्ट्रात आधी काही वर्षं बीएस्सी नर्सिंगचे प्रवेश नीटच्या गुणांवर व्हायचे. २०२३ पासून राज्याच्या सीईटी सेलनं यासाठी स्वतंत्र परीक्षा सुरू केली. शंभर प्रश्न, शंभर गुण, दीड तास. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकाचे वीस. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. पोरी बायोलॉजी घोकतात आणि इंग्रजीचे वीस गुण घालवून येतात, हे मी दरवर्षी बघते. बाकी अटी सोप्या आहेत. बारावीला पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) आणि इंग्रजी हवं, पीसीबीत मिळून ४५ टक्के, राखीव प्रवर्गाला ४०, आणि त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरला सतरा पूर्ण. खरी मेख तारखेत आहे. नीटच्या निकालाची वाट बघत बसलेल्या घरात या परीक्षेचा फॉर्म भरायचा दिवस कधीच उलटून गेलेला असतो. बारावीचं वर्ष सुरू आहे तोवरच फॉर्मवर लक्ष ठेवायचं, डॉक्टर व्हायचं पक्कं असलं तरी. भरून ठेवलेला फॉर्म काही खायला मागत नाही.

(नीट अगदीच वाया जात नाही, एका ठिकाणी लागते. लष्कराच्या नर्सिंग सेवेत जायचं असेल तर. पुण्याच्या एएफएमसी या लष्करी मेडिकल कॉलेजात, मुंबईच्या अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात आणि लष्कराच्या इतर काही रुग्णालयांत चार वर्षांची बीएस्सी होते. तिथे नीटचे गुण बघून बोलावतात, पुढे त्यांची स्वतःची परीक्षा, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. फक्त मुलींसाठी. बाहेर पडताना खांद्यावर लेफ्टनंटचे तारे असतात, पण सेवेचा करारही आधीच लिहून द्यावा लागतो.)

आता 'तरी'. घरोघरी एक उतरंड ठरलेली आहे. एमबीबीएस, नाही तर बीडीएस, नाही तर बीएएमएस, बीएचएमएस, फिजिओ, आणि काहीच जमलं नाही तर 'नर्सिंग तरी'. अशी आलेली मुलगी मी पहिल्या आठवड्यात ओळखते. ती अॅनाटॉमीच्या तासाला खूश असते आणि वॉर्डात गेल्यावर भिंतीला टेकून उभी राहते. पहिल्या सत्रात आम्ही इंजेक्शन देत नाही हो, बिछाना घालायला शिकवतो. चादरीचा कोपरा ४५ अंशांत दुमडायचा, सुरकुती राहू द्यायची नाही, कारण त्या सुरकुतीवर महिनाभर पडून राहणाऱ्या म्हातारीच्या पाठीला जखम होते. मग रुग्णाला स्पंज द्यायचा, तोंड साफ करायचं, बेडपॅन द्यायचा आणि काढायचा. "हे काम मावशींचं ना, मॅडम?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतंच. मावशींचंही आहे. पण बेडपॅनमध्ये रक्त होतं का, पाठ लाल झाली होती का, हे इन्चार्ज सिस्टर ओव्हर (पाळीचा ताबा) घेताना तुम्हाला विचारणार, मावशींना नाही. काहींना हे आठ दिवसांत उमजतं आणि त्या भिंत सोडतात. काही चार वर्षं टेकूनच काढतात, डिग्री घेऊन जातात.

मी स्वतः 'तरी'वाली नव्हते असं सांगितलं तर खोटं होईल. मी कॉमर्सची. वडील गिरणीत, ती बंद पडलेली. जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, कुठल्याही शाखेची बारावी चालते आणि सरकारी शाळेत राहायची सोय असून वर विद्यावेतन मिळतं, एवढ्याच हिशेबानं सिव्हिलला फॉर्म भरला. आत्या म्हणाली, "रात्रपाळीची पोर कोण करून घेणार?" (घेतलं. नवऱ्याच्या आईला मीच तीन वर्षं सांभाळलं, तेव्हापासून आत्या काही बोलत नाही.) जीएनएम, मग नोकरी करता करता दोन वर्षांची पोस्ट बेसिक बीएस्सी, मग एमएस्सी. हा रस्ता लांबचा आहे, पण बंद नाही. आर्ट्स-कॉमर्सच्या मुलींना मी तोच सांगते, त्यांना सायन्सची बारावी पुन्हा करायला लावू नका.

मुलांचंही विचारतात, आवाज खाली करून. मुलगे येतात, त्यांना ब्रदर म्हणतात, चांगलं काम करतात. जागा मात्र कमी आहेत. एम्सच्या भरतीत ऐंशी टक्के पदं महिलांची, वीस पुरुषांची. हे आधी माहीत असू दे, म्हणजे झालं.

पैशांचं. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. पण प्रवेश कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर ही सवलत गेली. आणि हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म यात येत नाही. 'सगळं फुकट' ऐकून आलेले बाप मेसचा आकडा ऐकून ऑफिसबाहेरच्या बाकावर बसलेले मी पाहिलेत.

मावसबहिणीच्या लेकीनं एक वर्ष थांबायचं ठरवलं. मधल्या काळात एका एजंटानं त्यांना गाठलं. बेंगळुरूला सीट कन्फर्म, परीक्षा नाही, फक्त आज वीस हजार टाका. मी बहिणीला म्हटलं, वीस हजारांची शेळी घे, निदान दूध देईल. ते वर्ष कागद गोळा करण्यात सत्कारणी लागलं. डोमिसाईल, नॉन-क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, गॅपचं प्रतिज्ञापत्र आणि सगळ्यात चिवट, जात वैधता. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर आडनावात एक काना जास्त निघाला आणि त्या एका कान्यासाठी भावजींनी तालुक्याच्या किती खेपा घातल्या ते त्यांनाच विचारा. बारावीला असतानाच हे प्रकरण जात पडताळणी समितीकडे द्यावं. परीक्षेचा अभ्यास दोन महिन्यांत होतो, काना लवकर निघत नाही.

पुढच्या वर्षी तिनं सीईटी दिली, गुण बरे पडले. ऑप्शन फॉर्म (कॉलेजांचा पसंतीक्रम) भरायच्या आदल्या आठवड्यात बहीण यादी घेऊन पुण्याला आली आणि पुन्हा तोच प्रश्न, "यातल्या कुठं नंबर लागेल?"

खरं सांगू का, नंबर लागेल. कुठे ना कुठे लागतोच, कॉलेजं गल्लोगल्ली झाली आहेत. तुम्ही मला कधीच विचारत नाही ते हे, की तिथे पेशंट आहेत का? भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमाप्रमाणे बीएस्सी कॉलेजाचं स्वतःचं किमान शंभर खाटांचं रुग्णालय हवं, आणि एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण. कागदावर हे सगळीकडे असतं. म्हणून मी त्या दोघींना गाडीत घातलं आणि यादीतल्या पहिल्या कॉलेजात घेऊन गेले. नाव लिहीत नाही. इमारत काचेची, रिसेप्शनवर ऑर्किड, लॅबमध्ये प्लास्टिकचं बाळ आणि प्लास्टिकची बाळंतीण. बहीण हरखली. मी म्हटलं, आता जोडलेलं हॉस्पिटल बघू. सकाळचे अकरा, भर ओपीडीची वेळ. मेल मेडिकल वॉर्डात कडक इस्त्रीच्या चादरी घातलेल्या वीस कॉट आणि रुग्ण तीन. प्रसूती कक्षाला कुलूप. सिस्टर ओळखीची निघाली, हळूच म्हणाली, "पाहणीच्या दिवशी या मॅडम, तेव्हा भरलेलं असतं."

मग यादीत नवव्या नंबरला होतं त्या कॉलेजात गेलो. रंग उडालेला, हॉस्टेलच्या एका खोलीत सहाजणी, जिन्यात फिनेलचा वास. मुलींच्या पोस्टिंग सरकारी रुग्णालयात. तिथे कॉटवर दोन, खाली गादी टाकून एक, नातेवाईक बाहेर व्हरांड्यात डबा उघडून बसलेले. निळ्या युनिफॉर्ममधली दुसऱ्या वर्षाची एक पोर एका आजोबांना बसतं करत होती, एक हात त्यांच्या पाठीमागे, दुसऱ्या हातानं कॅथेटरची पिशवी सांभाळत. बहिणीनं नाकाला पदर लावला. मुलगी मात्र त्या पोरीकडे बघत उभी राहिली, चांगली पाच मिनिटं. परतताना गाडीत कुणी फारसं बोललं नाही. घरी आल्यावर तिनं पेन मागितला आणि नवव्याला पहिला केला. बहीण अजून म्हणते, पहिलं होतं तेच छान होतं, लिफ्ट होती.

आता तिचं तिसरं सत्र चाललंय. हल्ली लोकांचा नवा प्रश्न असतो, "जर्मनीला जाता येतं ना?" येतं. आधी इथली डिग्री आणि नोंदणी, आणि जोडीला बी-टू पातळीपर्यंतची जर्मन. तिलाही मी सहज विचारलं, जाणार का गं तिकडे. तर म्हणे, "मावशी, ते नंतर बघू. आमच्याकडे एक आजी आहेत, चार दिवस झाले काही खात नाहीत. आज माझ्या हातून अर्धी वाटी पेज प्यायल्या. इनटेक चार्टवर पेज लिहू का लिक्विड डाएट?"

मी म्हटलं, "किती मिली ते लिही. वाटी मोजली होतीस का?"

नव्हती मोजली.