कुठे, किती, आणि आवडतंय का?

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेत मैदान, घंटा आणि डबे यावर बाकीचे लिहितीलच, मी आपल्या इंग्रजीच्या बाईंच्या लाल पेनाबद्दल लिहितो.

निबंधात काहीही "सगळीकडे आहे" म्हणायचं झालं की आम्ही डोळे झाकून वाइडस्प्रेड ठोकायचो. बाई तो खोडायच्या नाहीत, शेजारी फक्त लिहायच्या, कुठे? किती? आवडतंय का? म्हणजे प्रश्न बदलला की इंग्रजी शब्दही बदलतो.

कुठे विचारलं तर वाइडस्प्रेड, पसारा मोठा एवढंच तो सांगतो, दाट की विरळ ते नाही. हवामान खातं वाइडस्प्रेड रेन म्हणतं तेव्हा त्या भागातल्या 75 टक्क्यांहून जास्त केंद्रांवर पाऊस असतो, मग तो धो धो असो की भुरभुर. किती जणांत विचारलं तर प्रीव्हॅलंट. मी पुढे पब्लिक हेल्थच्या रिपोर्टांतच अडकलो आणि तिथे तर प्रीव्हॅलन्स म्हणजे चक्क मोजमाप, ठरावीक वेळी लोकसंख्येतल्या किती जणांना आजार आहे ते, जुने-नवे सगळे धरून, फक्त नवे मोजले तर ते इन्सिडन्स. गंमत अशी की उपचार सुधारले आणि डायबेटिसचे पेशंट जास्त वर्षं जगायला लागले की नवे पेशंट तेवढेच असले तरी प्रीव्हॅलन्स वाढतो, आणि वाचणाऱ्याला वाटतं आजार फोफावला!

तिसरा प्रश्न सगळ्यात भारी. रॅम्पंट करप्शन म्हणतात, रॅम्पंट लसीकरण म्हटलं तर लोक घाबरतील, कारण त्या शब्दात आवर सुटल्याची तक्रार आहे. युरोपातल्या राजचिन्हांवर मागच्या पायांवर उभा राहून पंजे उगारलेला सिंह असतो ना, तो लायन रॅम्पंट. राइफ, म्हणजे बोकाळलेलं, पण असाच नाराज शब्द, फक्त तो नामाच्या आधी सहसा बसत नाही, करप्शन इज राइफ ठीक, राइफ करप्शन कानाला खटकतं.

युबिक्विटस लॅटिनमधल्या 'सगळीकडे' वरून आलाय, जिकडे बघावं तिकडे दिसणाऱ्या मोबाईलसारख्या गोष्टींना शोभतो, पण मला तो जरा शायनिंग मारणारा वाटतो, बहुतेक वेळा साधा कॉमन पुरतो. हां, पर्व्हेसिव्ह राहिलाच, तो वासाला, भीतीला, म्हणजे जे झिरपत जातं त्याला.