देवी आल्या होत्या

रविवार, रात्री ११.३०

पाय दुखतायत पण आत्ताच लिहून टाकते, उद्या ऑफिसच्या गडबडीत राहूनच जाईल. आज सोलच्या नॅशनल गुगाक सेंटरला (गुगाक म्हणजे पारंपरिक कोरियन संगीत) चॉयोंगमू बघितला, कोरियन राजदरबारातला मुखवट्यांचा नाच. पाच पुरुष, निळा, पांढरा, लाल, काळा असे चार दिशांचे चार झगे आणि मधोमध पिवळा. इतकं संथ की सुरुवातीला मी चक्क जांभया देत होते, मग पाचही जणांच्या लांब पांढऱ्या बाह्या एकदम वर उडाल्या नि झोप गेली ती गेलीच.

मुखवटा तर काय सांगू, तांबूस काळपट चेहरा, ही एवढी हनुवटी, पांढरे दात, कानात डूल आणि काळ्या टोपीवर दोन मोठी फुलं नि सात पीच. सगळं इडापिडा टळायला.

नाचामागची गोष्ट सिल्ला या जुन्या कोरियन राज्यातली, ९व्या शतकातली. चॉयोंग हा पूर्व समुद्राच्या नागराजाचा मुलगा. रात्री उशिरा घरी येतो तर अंथरुणात दोनाच्या जागी चार पाय! रोगाचं भूत माणूस होऊन बायकोजवळ झोपलेलं. आणि हा पठ्ठ्या काय करतो, तर गाणं म्हणत नाचत बाहेर पडतो. भूतच ओशाळलं, गुडघे टेकून म्हणालं की जिथे तुझं नुसतं चित्र दिसेल त्या दारात पाऊल टाकणार नाही. मग लोक दारावर त्याचं चित्र लावायला लागले आणि पुढे जोसॉन या नंतरच्या कोरियन राजवटीच्या दरबारात वर्ष संपताना भुतं हाकलायला हा नाच व्हायचा. मला आधी रागच आला, अरे बायकोला उठव तरी! तिला कोणी काही विचारतच नाही.

ते भूत देवीच्या रोगाचं असं बरेच जण मानतात. त्या रोगाला इकडे ‘मामा’ म्हणायचे, राजघराण्यातल्यांना लावायचा मानाचा शब्द, नाहीतर ‘सोन्निम’ म्हणजे पाहुणा. हे कळलं आणि आजी आठवली. तिच्या गालांवर वण होते, पण रोग झाला असं ती कधीच म्हणायची नाही, देवी आल्या होत्या म्हणायची, तेही आवाज खाली आणून.

आईला पत्रकावरच्या मुखवट्याचा फोटो पाठवला. तिचा रिप्लाय, "हा हसतोय की रडतोय गं?" तेव्हापासून झूम करून बघतेय. दात तर दिसतायत.