अक्कलदाढ काढल्यानंतरचा तिसरा दिवस

अक्कलदाढ काढल्यानंतरचा सर्वांत अवघड दिवस बहुधा पहिला नसतो. माझी दाढ काढली त्या संध्याकाळी मला बरे वाटत होते, दुसऱ्या दिवशी गाल फुगू लागला, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी आरशात चेहरा पाहिल्यावर काहीतरी गंभीर बिघडले असणार, या विचाराने माझ्या पोटात गोळा आला. प्रत्यक्षात काहीही बिघडलेले नव्हते. अशा शस्त्रक्रियेनंतर सूज साधारणपणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच सर्वांत जास्त असते आणि त्यानंतर ओसरू लागते. एवढी एक गोष्ट मला आधी कोणी नीट समजावून सांगितली असती, तर ती सकाळ भीतीत गेली नसती. दुखणे सोसता येते, पण ते वाढत का आहे हे कळत नसेल, तर तेच दुखणे दुप्पट वाटते. म्हणूनच या काळात कोणत्या दिवशी काय होते आणि ते का होते, हे सविस्तर लिहावेसे वाटले.

अक्कलदाढा साधारणपणे सतराव्या ते पंचविसाव्या वर्षाच्या दरम्यान येतात. तोपर्यंत बाकीच्या दातांनी जबड्यातील जागा व्यापलेली असते, त्यामुळे अनेकांच्या बाबतीत ही शेवटची दाढ तिरकी वाढते, आडवी पडते किंवा हाडातच अडकून राहते. माझी खालची दाढ पुढच्या दाढेवर रेललेली होती आणि तिचा अर्धा भाग हिरडीच्या पाळीखाली झाकलेला होता. त्या पाळीखाली अन्नाचे कण आणि जंतू साचतात, ब्रश तिथपर्यंत पोहोचत नाही, आणि मग हिरडी पुन्हा पुन्हा सुजते, तोंड उघडताना कळ येते, कधी कधी गिळतानाही दुखते. अशी दाढ काढावी यात वाद नाही. मात्र जी अक्कलदाढ काहीच त्रास देत नाही आणि जिच्याभोवती कोणताही आजार नाही, ती केवळ खबरदारी म्हणून काढू नये, अशी शिफारस ब्रिटनमधील नाइस या उपचारांबाबत मार्गदर्शक सूचना देणाऱ्या संस्थेने २००० साली केली होती. मला ती भूमिका पटते. त्याबरोबरच त्रास न देणाऱ्या दाढेची अधूनमधून तपासणी करून घेणेही गरजेचे आहे, कारण रेललेल्या दाढेमुळे पुढच्या चांगल्या दाढेला मागच्या बाजूने कीड लागू शकते आणि ती बराच काळ लक्षात येत नाही.

शस्त्रक्रियेबद्दल जितकी धास्ती असते, तितका त्रास त्या वेळी होत नाही. याचे श्रेय जागेवर दिल्या जाणाऱ्या भुलेला आहे. स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञ निल्स लोफग्रेन यांनी १९४३ साली तयार केलेले लिडोकेन, ज्याला आपल्याकडे बहुतेक डॉक्टर लिग्नोकेन म्हणतात, ते आजही दातांच्या कामात सर्रास वापरले जाते. त्यात बहुधा ॲड्रिनलिन मिसळलेले असते, त्यामुळे रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तस्राव कमी होतो आणि भूल अधिक वेळ टिकते. या भुलेने वेदना थांबते, दाबाची जाणीव मात्र शिल्लक राहते, आणि हा फरक आधी माहीत असणे फार उपयोगी पडते. डॉक्टर दाढेवर जोर देतात तेव्हा सगळा जबडा खाली ढकलला जात असल्यासारखे वाटते, पण दुखत नाही. आवाज मात्र मोठा येतो. हाडातून थेट कानापर्यंत पोहोचणारा तो करकर आवाज आणि दाढेचे तुकडे करताना येणारी थरथर यांनी मी दचकले होते. तुकडे करणे हा अपघात नसून ती नेहमीची पद्धत आहे, कारण आडवी दाढ अखंड काढायची तर बरेच जास्त हाड कापावे लागेल.

काम संपल्यावर खळग्यावर गॉझची घडी ठेवतात आणि ती दाताखाली घट्ट दाबून धरायला सांगतात. अर्धा-पाऊण तास ती न हलवता धरून ठेवणे हे या सगळ्या प्रक्रियेतील अत्यंत महत्त्वाचे काम आहे, कारण त्या वेळात खळग्यात रक्ताची गुठळी तयार होते आणि पुढे जखम तिच्या आधारानेच भरते. दर पाच मिनिटांनी घडी काढून रक्त थांबले का हे पाहत बसलो, तर गुठळी जमत नाही. त्यानंतरही दिवसभर थुंकीला गुलाबी छटा राहते, आणि थोडेसे रक्त भरपूर लाळेत मिसळल्यामुळे ते आहे त्यापेक्षा कितीतरी जास्त वाटते. तोंड रक्ताने सारखे भरून येत असेल आणि नवी घडी दाबून धरूनही ते थांबत नसेल, तर मात्र लगेच डॉक्टरांशी संपर्क साधावा.

भूल उतरायला काही तास लागतात. खालच्या दाढेसाठी दिलेल्या भुलेने अर्धा ओठ आणि हनुवटीही बधिर होते. बोटाने ओठ चाचपला तर बोटाला ओठ लागतो, ओठाला बोट लागत नाही, आणि ही अनुभूती फार विचित्र असते. या वेळात काही चावून खाऊ नये, कारण ओठ किंवा जीभ दाताखाली आली तरी कळत नाही. वेदनाशामक गोळीचा पहिला डोस भूल पूर्ण उतरण्याच्या आधीच घ्यावा, असे मला सांगितले होते आणि तो सल्ला मोलाचा ठरला. ठणका एकदा जोरात सुरू झाला की त्याला आटोक्यात आणायला वेळ लागतो. गोळी आधीच पोटात असेल, तर तो तितका वर चढतच नाही.

गोळ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहिते, कारण या विषयात पुरावा खरोखरच भक्कम आहे. नवी वेदनाशामक औषधे माणसांवर तपासण्यासाठी संशोधक गेली अनेक दशके अक्कलदाढेच्या शस्त्रक्रियेचाच आधार घेत आले आहेत. रुग्ण बहुधा तरुण आणि निरोगी असतात, जखम जवळपास सारखी असते आणि वेदना कधी सुरू होणार हे आधीच माहीत असते, त्यामुळे औषधांची तुलना नेमकेपणाने करता येते. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात या दुखण्यावर पॅरासिटामॉलपेक्षा आयबुप्रोफेन अधिक परिणामकारक असल्याचे, आणि दोन्ही एकत्र घेतल्यास परिणाम आणखी चांगला दिसत असल्याचे नोंदवले आहे. ही दोन्ही औषधे वेगवेगळ्या प्रकारे काम करतात, म्हणून त्यांची जोडी जमते. मात्र ज्यांना पोटात अल्सर आहे, मूत्रपिंडाचा विकार आहे, वेदनाशामक गोळ्यांनी दमा उसळतो, रक्त पातळ करणारी औषधे सुरू आहेत किंवा ज्या गरोदर आहेत, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय आयबुप्रोफेन घेऊ नये. पॅरासिटामॉल निरोगी प्रौढ व्यक्तीनेही दिवसभरात एकूण चार ग्रॅमच्या वर घेऊ नये, आणि सर्दी-तापाच्या अनेक गोळ्यांमध्येही तेच औषध असते, हे हिशेब करताना विसरू नये. पहिले दोन-तीन दिवस दुखायची वाट न पाहता डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या वेळी गोळी घेणे, हे मला सर्वांत सोयीचे वाटले.

आता तो तिसरा दिवस. हाड कापले गेले, हिरडी उचलली गेली, की शरीर त्या जागी दुरुस्तीसाठी रक्तातील द्रव आणि पेशी पाठवते. ही सूज हळूहळू साचत जाते, म्हणून ती चढायला दोन-तीन दिवस लागतात. पहिल्या दिवशी कापडात गुंडाळलेला बर्फ गालावर पंधरा-वीस मिनिटे ठेवून तितकाच वेळ काढून ठेवणे आणि झोपताना डोके उंचावर घेणे, यांनी बराच आराम पडतो. दोन दिवसांनंतर मात्र कोमट शेक जास्त बरा वाटतो. माझ्या गालावर पुढे पिवळसर हिरवा डागही उमटला आणि तो मानेकडे सरकत गेला. हे त्वचेखाली झिरपलेले रक्त असते, ते आपोआप विरते.

सुजेपेक्षाही मला तोंड न उघडण्याचा जास्त त्रास झाला. जबड्याचे चावण्याचे स्नायू आखडून जातात आणि चमचा आत जाण्यापुरतीही फट पडत नाही. रोज सकाळी आरशासमोर उभे राहून दातांच्या मधे बोटे आडवी एकावर एक धरून मी तोंड किती उघडते आहे ते पाहत असे. निरोगी माणसाच्या तोंडात अशी साधारण तीन बोटे मावतात. सुरुवातीला एक बोटसुद्धा कसेबसे मावत होते, पुढे दोन मावू लागली, आणि या साध्या मोजमापाने मला जितका धीर दिला तितका कोणाच्याही शब्दांनी दिला नाही. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर दिवसातून काही वेळा हळूहळू तोंड उघडण्याचा व्यायाम करावा, पण तो करताना ताकद लावू नये.

दुखणे किती आहे याच्या जोडीला ते कोणत्या दिशेने चालले आहे, हेही पाहिले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे. तिसऱ्या दिवसापर्यंत चढलेला त्रास त्यानंतर रोज थोडा तरी कमी व्हायला हवा. माझ्या थोरल्या भावाच्या बाबतीत नेमके उलटे झाले होते. त्याचे दुखणे जवळजवळ थांबले होते आणि चौथ्या दिवशी ते अचानक उसळले, कानापर्यंत आणि कानशिलापर्यंत कळा जाऊ लागल्या, तोंडाला घाण वास येऊ लागला आणि गोळ्यांनी काहीच फरक पडेना. याला ड्राय सॉकेट म्हणतात. खळग्यातील रक्ताची गुठळी वेळेआधीच निघून जाते किंवा विरघळते आणि खालचे हाड उघडे पडते. हा प्रकार खालच्या अक्कलदाढेच्या बाबतीत जास्त आढळतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांना तसेच गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांना त्याचा धोका अधिक असतो. त्यावरचा उपाय सोपा आहे. डॉक्टर खळगा सलाइनने धुऊन त्यात औषधी पट्टी भरतात, तिच्यात बहुधा लवंगेच्या तेलातील युजेनॉल असते, आणि थोड्याच वेळात आराम पडू लागतो. भावाने मात्र आपणच सहन करायला कमी पडतो आहोत असे समजून दोन रात्री जागून काढल्या, त्याची मला आजही हळहळ वाटते. अशा वेळी सोसत बसू नये, सरळ दवाखाना गाठावा. उरलेली अँटिबायोटिक गोळी घरच्या घरी घेऊ नये, कारण हे दुखणे मुळात उघड्या पडलेल्या हाडाचे असते.

गुठळी जपण्यासाठी पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नये, थुंकू नये, स्ट्रॉने ओढून काही पिऊ नये. धूम्रपान तर शक्य तितके दिवस पूर्ण बंद ठेवावे. चोवीस तासांनंतर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर गुळण्या कराव्यात, त्याही पाणी तोंडात नुसते इकडून तिकडे फिरवून अलगद बाहेर सोडून. खाणे मऊ, गार किंवा कोमट असावे आणि दुसऱ्या बाजूने चावावे. काही दिवसांनी खळग्यावर पांढरट पिवळा थर दिसतो. तो पू आहे असे समजून अनेकजण तो काडीने किंवा ब्रशने खरवडायला जातात. तो बहुधा भरून येणाऱ्या जखमेचाच भाग असतो, त्याला हात लावू नये.

खालच्या दाढेच्या मुळाजवळून ओठाला आणि हनुवटीला संवेदना देणारी नस जाते, तर जिभेची नसही फार लांब नसते. त्यामुळे काहीजणांना भूल उतरल्यानंतरही ओठात किंवा जिभेत बधिरपणा अथवा मुंग्या जाणवतात. बहुतेकांच्या बाबतीत ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत कमी होते, क्वचित कायमचेही राहते. दुसऱ्या दिवशीही ओठ बधिर वाटत असेल, तर ते डॉक्टरांच्या कानावर घालावे. ताप येणे, तिसऱ्या दिवसानंतरही सूज वाढत राहणे, पू येणे, यांपैकी काही झाले तर त्याच दिवशी दाखवावे, आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर क्षणभरही न थांबता रुग्णालयात जावे.

हिरडी वरून जुळून यायला तीन-चार आठवडे लागतात, आतले हाड भरायला काही महिने. मधल्या काळात खळग्यात अन्न अडकत राहते. त्यासाठी डॉक्टरांनी मला वाकड्या टोकाची सिरिंज दिली होती आणि ती कधीपासून वापरायची हेही सांगितले होते. ज्यांची दाढ काढायची आहे, त्यांनी आधीच्या भेटीतच काही गोष्टी विचारून लिहून घ्याव्यात: टाके आपोआप विरघळणारे आहेत की काढावे लागतील, पहिली गोळी किती वाजता घ्यायची, रोजच्या औषधांपैकी कोणती सुरू ठेवायची, सुट्टीच्या दिवशी किंवा रात्री त्रास वाढला तर कोणाला फोन करायचा. भुलेच्या तोंडाने घरी परतल्यावर यांतले काहीही नीट विचारता येत नाही.