होमला रान मोकळं, रूटमध्ये मुंगी शिरायला जागा नाही

वागळे इस्टेट, रबाळे, महापे इथल्या छोट्या ऑफिसांत टेबलाखाली एखादा टॉवर सर्व्हर हमखास सापडतो. 500 जीबीची डिस्क, रेडहॅट किंवा रॉकी लिनक्स 8 नाहीतर 9, आणि इन्स्टॉल करताना पार्टिशनच्या पानावर 'ऑटोमॅटिक' ठेवून पुढे गेलेलं. त्यावर ओरॅकल 19सी हा डेटाबेस टाकायची वेळ आली की 'एलएसबीएलके' (डिस्कचे भाग दाखवणारी आज्ञा) चालवा. रूटला (सिस्टिम बसते तो मुख्य भाग) 70 जीबी, थोडं स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) आणि साडेतीनशेच्या वर जागा /होमला (यूजरांच्या फाइलींचा भाग). (डिस्कच्या खोक्यावर 500 असलं तरी लिनक्स साधारण 465च दाखवतं. चोरी झालेली नाही, मोजमाप वेगळं.)

मग वाटतं, होम थोडं आवळू आणि रूट वाढवू. इथेच गाडी अडते. रेडहॅट 7पासून डिफॉल्ट फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) एक्सएफएस आहे. ती वाढवता येते, पण आवळता येत नाही. ईएक्सटी4 ही दुसरी फाइलसिस्टिम लहान होते, तीही अनमाउंट करून (सिस्टिमपासून सोडवून), आधी 'ई2एफएससीके -एफ' ही तपासणी चालवून. त्यात वीज गेली तर डेटाची शाश्वती नाही, म्हणून बॅकअप आणि यूपीएसशिवाय हात लावू नये, पावसाळ्यात तर नाहीच.

एक्सएफएसला उपाय एकच: होम पाडून लहान बांधायचं. आधी सगळं 'एक्सएफएसडंप'ने दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि दोन-चार फाइली परत काढून बघा. न तपासलेला बॅकअप मी बॅकअप मानत नाही. कन्सोलवरून थेट 'रूट' यूजर (सर्वाधिकारी खातं) म्हणून लॉगिन करा. साध्या यूजरने शिरून 'सुडो' केलं तर त्याचा शेल /होममध्येच बसलेला असतो आणि 'यूमाउंट'ला 'टार्गेट इज बिझी' ऐकावं लागतं. तरीही अडलं तर कोण धरून बसलंय ते 'एफयूझर -व्हीएम /होम' सांगतं. मग 'एलव्हीरिमूव्ह' (जुनं होम काढणं), त्याच नावाने 40 जीबीचं 'एलव्हीक्रिएट' (नवं बनवणं), 'एमकेएफएस.एक्सएफएस' (त्यावर फाइलसिस्टिम), माउंट, रिस्टोअर. शेवटी 'रिस्टोअरकॉन -आर /होम' विसरलात तर एसईलिनक्समुळे (लिनक्सचा सुरक्षा-पहारा) एसएसएचच्या, म्हणजे दुरून लॉगिन करायच्या, किल्ल्या चालेनाशा होऊ शकतात आणि माणूस उगाच पासवर्ड शोधत बसतो.

मोकळी झालेली जागा रूटला देऊ नका. ओरॅकलचं सॉफ्टवेअर 7.2 जीबी मागतं, /टेम्पमध्ये 1 जीबी, एवढंच. फुगतात त्या डेटाफाइली आणि आर्काइव्ह लॉग (डेटातल्या बदलांच्या जपून ठेवलेल्या नोंदी). ते रूटवर असले तर एका रात्री अख्खं मशीन गुदमरतं. ओरॅकलच्या /यू01 या फोल्डरसाठी वेगळं लॉजिकल व्हॉल्यूम (डिस्कमधला हवा तेवढा वाढवता येणारा भाग) करा, 100 जीबीपासून सुरू करा आणि उरलेली जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये (या भागांच्या सामाईक साठ्यात) तशीच राहू द्या. वाढवणं दोन मिनिटांचं काम आहे, आवळणं काय असतं ते वर पाहिलंच.

स्वॅपही बघून घ्या. रॅम 2 ते 16 जीबी असेल तर ओरॅकलला तेवढंच स्वॅप लागतं, त्यापुढे 16 पुरे. कमी पडलं तर आणखी एक लहान व्हॉल्यूम, 'एमकेस्वॅप', 'स्वॅपऑन'.

वाढवताना अधिकचं चिन्ह जपा. 'एलव्हीएक्स्टेंड -आर -एल +50जी' म्हणजे आहे त्यात 50ची भर. (इथला 'एल' कॅपिटल, 'आर' लहान.) अधिक गाळलं तर अर्थ 'एकूण 50' होतो. 100च्या व्हॉल्यूमवर 'एलव्हीएक्स्टेंड' हे सरळ नाकारतं, पण जुन्या आवृत्तीचं 'एलव्हीरिसाइझ' एक प्रश्न विचारून खरंच कापायला निघतं. '-आर' (फाइलसिस्टिमही सोबत वाढवा) राहिलं तर 'एलएसबीएलके' 150 दाखवतं आणि फाइलसिस्टिमची जागा सांगणारं 'डीएफ' 100वरच अडून बसतं. तेव्हा 'एक्सएफएस_ग्रोएफएस'ला माउंट पॉइंट (उदा. /यू01) द्या. ईएक्सटी4च्या 'रिसाइझ2एफएस'ला मात्र डिव्हाइस लागतं.

रीबूटच्या आधी 'फाइंडमाउंट --व्हेरिफाय' चालवा. एफएसटॅबमध्ये (सुरू होताना काय माउंट करायचं त्याची यादी) होमची ओळ यूयूआयडीने (फाइलसिस्टिमचा ओळख-क्रमांक) लिहिलेली असेल, तर नवीन 'एमकेएफएस'नंतर तो यूयूआयडी बदललेला असतो आणि मशीन थेट इमर्जन्सी मोडमध्ये उठतं.