पांढरी पूड

विमान विकत घेण्याआधीची तपासणी असली की मी गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याकडे शक्यतो बघत नाही. आधी विमान बघतो. समोरच्याचा जीव त्या विमानात अडकलाय हे एकदा दिसलं की माझाही हात जरा हलका पडतो, आणि या कामात हात हलका पडून चालत नाही.

त्या दिवशी ते जमलं नाही. हँगरचं दार सरकलं, विमान उन्हात आलं आणि ते गृहस्थ बोलता बोलता थांबलेच. बीचक्राफ्ट बोनान्झा, व्ही३५बी, व्ही आकाराच्या शेपटीची. १९४५ च्या डिसेंबरात तिच्या पहिल्या आवृत्तीनं उड्डाण केलं तेव्हा ती इतर विमानांपेक्षा एक पिढी पुढची दिसली असणार. आजही दिसते. पोटात जाणारी चाकं, अंगावर कुठे न सुटलेली रेषा. १९४९ मध्ये बिल ओडम अशाच एका बोनान्झातून होनोलुलूहून टेटरबरोपर्यंत एकटे, न थांबता, सुमारे ३६ तास उडत गेले. ही गोष्ट गृहस्थांनी मला तासाभरात दोनदा सांगितली. मीही दोन्ही वेळा मनापासून ऐकली.

त्यांच्या पत्नी सोबत होत्या. त्यांच्या हातातल्या फाइलमध्ये दुसऱ्याच एका विमानाचे, सेसना १८२ चे, कागद होते. चाकं कायम बाहेर, पंख वर, दोन्ही बाजूंना दार, सुटे भाग सगळीकडे मिळणार. "आम्ही चौघं आहोत. मुलं, सामान. पंखावर पाय ठेवून एकाच दारातून आत शिरण्यापेक्षा हे बरं ना?" त्यांचं म्हणणं रास्त होतं.

विक्रेते एक वयस्कर वैमानिक. गेल्या काही वर्षांत त्यांचं उडणं जवळपास थांबलेलं. पण दर रविवारी येऊन ते विमान पुसायचे, मेण लावायचे. रंगात आपला चेहरा दिसावा इतकं ते चकचकीत होतं.

मी लॉगबुकांपासून सुरुवात केली. नूतनीकरणानंतर इंजिन चाललं होतं ६४० तास. या इंजिनाला कारखान्याची शिफारस १७०० तासांची, म्हणजे वरवर पाहता निम्म्याहून जास्त आयुष्य शिल्लक. पण त्याच शिफारशीत १२ वर्षांचीही मर्यादा आहे, आणि नूतनीकरणाला २१ वर्षं उलटून गेली होती. त्यातल्या शेवटच्या सहा वर्षांत उड्डाण मिळून ४१ तास. हा आकडा मी पेन्सिलीनं गोल केला. इंजिन चालून झिजतं त्याहून वाईट ते बसून झिजतं. जुन्या तेलात पाणी आणि आम्ल साठतं, धातूवरचा तेलाचा थर निथळून जातो आणि इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या कॅमशाफ्टवर गंज धरतो. मग पुढे इंजिन चालू झालं की तो गंजच कानशीसारखा काम करतो.

तेलाचा फिल्टर कापला, आतला कागद घडी उलगडून पसरला, वरून चुंबक फिरवलं. केसाच्या टोकाएवढे लोखंडी कण चिकटून आले. फार नव्हते, पण होते. सिलिंडरांचं कॉम्प्रेशन ठीक निघालं. बोरस्कोपमधून, म्हणजे इंजिनाच्या आत घालायच्या बारीक दुर्बिणीतून, पाहिलेले एक्झॉस्ट व्हॉल्व्हही निरोगी, रंगाची वलयं मध्यभागी नीट गोल. गृहस्थ खांद्यामागून बघत होते. "छान आहे ना?" मी म्हटलं, "इथवर छान आहे."

मग शेपटीकडे गेलो.

बोनान्झाच्या शेपटीच्या दोन पात्यांमागे जे हलणारे भाग असतात, तेच नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरचं काम करतात आणि ते वर-खाली करणाऱ्या एलेव्हेटरचंही. म्हणून त्यांना रडरव्हेटर म्हणतात. बाकी विमान ॲल्युमिनियमचं, पण या दोन भागांवरचा पत्रा मॅग्नेशियमचा असतो. मॅग्नेशियम हलकं आणि तिथे हलकेपणाच हवा, कारण या भागांचा तोल ग्रॅमच्या हिशेबात सांभाळावा लागतो. तोल बिघडला तर वेगात शेपूट फडफडायला लागते, आणि ती फडफड शेपूट तोडू शकते. नुसता नवा रंग दिला तरी ते उतरवून पुन्हा तोलावे लागतात. या शेपटीच्या मजबुतीवरून पूर्वी बरंच झालंय. १९८७ मध्ये अमेरिकेच्या हवाई प्रशासनानं तिच्या पुढच्या कडेच्या मुळाशी आधार बसवायचा आदेश काढला होता. तो आधार या विमानावर बसवलेला होता, नोंदही चोख होती.

टॉर्च पत्र्याला समांतर धरला. समोरून प्रकाश टाकला तर काही दिसत नाही, आडवा टाकला की दिसतं. डाव्या भागाच्या मागच्या कडेला, रिव्हेटांच्या ओळीत, रंगाखाली तांदळाच्या कणीएवढे तीन फोड. मालकांची परवानगी घेतली आणि एकावर नख दाबलं. रंगाची टिकली निघून आली आणि आतून पांढरी पूड माझ्या अंगठ्यावर पडली. मॅग्नेशियमचा गंज असाच असतो, पिठासारखा. उजवीकडे आणखी दोन सापडले.

मालक पुढे आले. माझ्या अंगठ्याकडे बघत म्हणाले, "पण मी दर रविवारी..." पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. मला फार वाईट वाटलं. एवढी माया केली त्या माणसानं, पण ती सगळी रंगाच्या वरच्या बाजूला राहिली.

हे पत्रे सहज मिळत नाहीत, मिळाले तर किंमत जबर, आणि तोवर विमान जमिनीवर. मी गृहस्थांना तसं स्पष्ट सांगितलं. ते म्हणाले, "थांबेन मी. विमान तर कामाचं आहे ना?"

म्हणून मग वजनाचा कागद काढला. जास्तीत जास्त वजन १५४२ किलो, हे विमान रिकामं १०१५. टाक्या भरल्या की इंधनाचे २०१. चौघांची वजनं त्यांच्या पत्नीनं सांगितली, सामानाचे ४५ किलो धरले. बेरीज मर्यादेत बसली आणि गृहस्थांचा चेहरा उजळला. पण बोनान्झाच्या टाक्या पंखांच्या पुढच्या कडेत असतात. इंधन जळत जातं तसा विमानाचा गुरुत्वमध्य, म्हणजे सगळ्या वजनाचा तोल जिथे साधतो तो बिंदू, मागे सरकतो. निघताना आमचा बिंदू आलेखात मागच्या मर्यादेच्या रेषेच्या जेमतेम आत होता. दोन तासांचं इंधन वजा केलं तर बाहेर. म्हणजे उतरायच्या वेळी, नेमकं जेव्हा विमान हळू असतं, तेव्हा त्याचं नाक वर जायला उत्सुक आणि खाली यायला नाखूश.

"मग १८२," पत्नी म्हणाल्या. वेगाचाही हिशेब झाला: अडीचशे सागरी मैलांना बोनान्झा १६५ नॉटनं दीड तास घेईल, १८२ तिच्यापेक्षा वीसेक मिनिटं जास्त. वीस मिनिटांसाठी एवढं सगळं कशाला? यावर गृहस्थांकडे उत्तर नव्हतं. पण १८२ चे कागद ते ज्या नजरेनं बघत होते, त्यात मला पुढची सहा वर्षं आणि ४१ तास दिसले. मन ओढत नाही ते विमानही असंच हँगरमध्ये बसून राहतं. एवढ्या वर्षांत मी हे इतक्यांदा पाहिलंय की ओढीलाही मी देखभालीच्या हिशेबात धरतो.

मी म्हटलं, "तुमचं स्वतःचं लॉगबुक आहे का बरोबर?"

होतं. गेल्या वर्षाची पानं उघडली. ३८ उड्डाणं. प्रवासी या रकान्यात ३१ वेळा काहीच नाही. बहुतेक संध्याकाळची, तासाच्या आतली, निघाले तिथेच परत उतरलेली. उरलेल्या सातांत एखादा मित्र. चौघं मिळून एकदाही नाही.

पत्नी ते पान बराच वेळ वाचत राहिल्या. मग फाइल मिटून म्हणाल्या, "अहो, मला विमानात बसायला आवडत नाही. मुलांना मळमळतं. तुम्ही हौसेनं चार खुर्च्या मोजत होतात, म्हणून मीही मोजत होते."

गृहस्थ गप्प. मग म्हणाले, "मला वाटायचं तुम्हा सगळ्यांना घेऊन जायचं असेल तरच विमान घेणं शोभतं."

आमच्या हँगरच्या मागच्या ओळीत एक सिटाब्रिया उभी असते. एकामागे एक दोन जागा, कापडानं मढवलेली, मागे छोटं चाक. तिचं वजन-पत्रक त्यांनी मागितलं नव्हतं, मीही सुचवलं नाही. ते आपणहून चालत तिथे गेले, काचेतून विमान चालवायच्या काठीकडे बघत उभे राहिले. पत्नीनं त्यांना उभं राहू दिलं.

इकडे मालक बोनान्झाचं इंजिनाचं झाकण लावायला आले. "मी लावतो," म्हणाले. एकेक स्क्रू हातानं बसवला. मी त्यांना विचारलं, पत्रे शोधायला मदत करू का? त्यांनी मान हलवली; होकार होता की नकार, ते कळलं नाही. त्याच आठवड्यात मी दोन ठिकाणी चौकशी करून ठेवली.

अहवाल लिहायला बसलो तर गृहस्थ समोर येऊन बसले. वजनाचा कोरा कागद ओढला. पुढची जागा: स्वतःचं वजन. मागची जागा: थोडं थांबून, रिकामी. इंधन: दोन तास. सामान: काही नाही.

"वरच्या ओळीत रिकाम्या विमानाचं वजन किती धरू?" त्यांनी विचारलं. मी सिटाब्रियाची फाइल आणायला उठलो.