हिरवट नक्की कोण?

"तुम्ही सुचवलेला रंग हिरवट दिसतोय हो," काकूंनी दारातच सांगितलं. मी चपला काढता काढता थांबले. बैठकीच्या खोलीसाठी दोनच शेड उरल्या होत्या, दोन्ही पिवळसर बेज. एलआरव्ही, म्हणजे भिंत किती प्रकाश परतवते त्याचा ० ते १०० मधला आकडा, दोन्हींचा जवळपास सारखा. फरक टिंटरचा, म्हणजे शेड बनवायला डब्यात मिसळतात त्या रंगद्रव्याचा. एकीत पिवळ्याला काळ्याची किंचित जोड, दुसरीत रेड ऑक्साइड या तांबूस रंगद्रव्याची. पिवळ्यात काळा पडला की तो हिरव्याकडे झुकतो, म्हणून मी मुद्दाम दुसरी सुचवली होती. आणि काकू नेमकं तिच्याकडेच बोट दाखवत होत्या!

खरं सांगते, मलाही ती हिरवटच दिसली. आधी वाटलं, दुकानात टिंटिंग चुकलं. डब्यावरचा कोड पाहिला, बरोबर होता. मग लक्ष गेलं भिंतीवर नमुन्याला लावलेल्या पॅचच्या कडेला. पेंटरने पहिली शेड पुट्टी केलेल्या पांढऱ्या भागावर लावली होती आणि ही थेट जुन्या गुलाबी भिंतीवर. गुलाबीच्या कुशीत बेज ठेवला की डोळा त्याला हिरवट झाक देतो. दोष पेंटरचा नाही. कुठे लावायचं ते मीच सांगितलं नव्हतं.

दोन मोठे पुठ्ठे घेतले, प्रायमर मारला, चारही बाजूंना बोटभर पांढरी कड सोडून दोन-दोन कोट दिले. ओला रंग बघून निकाल द्यायचा नाही म्हणून सगळ्यांना चहाला बसवलं. वाळल्यावर पुठ्ठे शेजारी शेजारी उभे केले, तर काळ्याची जोड असलेली शेड हिरवट आणि माझी पिकल्या गव्हासारखी. काकू गप्प.

गंमत संध्याकाळी झाली. ६५०० केल्व्हिनची (उजेडाच्या रंगाचं माप) पांढरी ट्यूब लावली तेव्हा फरक आणखी उघडा पडला. ती बंद करून २७०० चा पिवळा दिवा लावला, तर कुठली शेड कुठली ते मलाही पुठ्ठा उलटून बघावं लागलं. दिवसभर भांडण लावलेल्या दोन शेड!

"आम्ही या खोलीत बसतो ते रात्रीच," काका पहिल्यांदाच बोलले.

काकूंनी माझीच शेड घेतली, पण एक पायरी फिकी. ते मीच सुचवलं. चार भिंती एकमेकींवर रंग फेकतात, पुठ्ठ्यावर सौम्य वाटणारा पिवळा खोलीभर झाला की भडक होतो. काका तोवर स्टुलावर चढून ट्यूब काढत होते.